होयबा सुतार

गल्लीत त्याला समोरून सगळे 'मिस्त्री' म्हणत आणि पाठ वळली की 'होयबा'. या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. कपाट हवंय? होईल. सोमवारपर्यंत? होईल की. दाराची बिजागरी निखळलीय, आज येऊन बघता का? संध्याकाळी आलोच. मग संध्याकाळ व्हायची, सोमवार उजाडून मावळायचा, आणि होयबा तिसऱ्याच कुणाच्या घरी चौथ्याच कुणाची खिडकी बसवत असायचा.

तो लबाड मात्र नव्हता. त्यानं केलेलं टेबल कधी डुगडुगलं नाही, त्यानं बसवलेला खण कधी अडकला नाही. म्हणून लोक शिव्या घालत का होईना, पुन्हा त्याच्याच दुकानात येत. त्याचं दुखणं वेगळं होतं. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे. 'हो' म्हटलं की तो चेहरा खुलायचा, आणि तेवढ्यापुरतं होयबालाही मनापासून वाटायचं की जमेल. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की मात्र पोटात गोळा यायचा. तो गोळा विसरायला तो पुढच्या गिऱ्हाइकाला 'हो' म्हणायचा.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका भिंतीला फळ्या उभ्या, दुसऱ्या भिंतीला अर्धवट झालेल्या वस्तू. दारं नसलेली कपाटं, पाय नसलेली टेबलं, पॉलिशची वाट बघत धूळ खात पडलेला एक पाळणा, ज्यातलं बाळ एव्हाना चालायला लागलं होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

या खोलीत त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ काम करायचा. वडील गेले तेव्हा धाकटा अगदीच लहान होता. रंधा कसा धरायचा हे त्याला थोरल्यानंच शिकवलं होतं, आणि थोरल्याच्या लेखी तो अजून तेवढाच होता. धाकट्याला मिशा फुटून जमाना झाला, तरी त्याच्या वाट्याला काचपेपर घासणं, फळ्या उचलणं आणि भुसा झाडणं एवढंच यायचं. सांधा जोडायचा तो थोरल्यानं, माप घ्यायचं ते थोरल्यानं, गिऱ्हाइकाशी बोलायचं तेही थोरल्यानंच. साहजिकच दुकानातली प्रत्येक वस्तू त्या एका माणसाच्या दोन हातांची वाट बघत खोळंबून राहायची आणि धाकटा दारात बसून नखं कुरतडायचा. एकदा त्यानं सुचवून पाहिलं होतं की दादा, आधी एक पुरं करू, मग दुसरं हातात घेऊ. त्यावर थोरला म्हणाला होता की तुला धंदा काय कळतोय. तेव्हापासून धाकट्यानं बोलणं सोडून दिलं होतं.

उरली बायको. ती सकाळपासून दुपारपर्यंत एका दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची, रोग्यांना वेळा द्यायची. होयबा स्वतः फोन उचलायचा टाळायचा, त्यामुळे वैतागलेली गिऱ्हाइकं दुपारनंतर तिला गाठायची. 'निघालेच आहेत', 'पॉलिश वाळतंय', 'कालच येणार होते, जरा बरं नव्हतं', असं काहीबाही सांगून ती वेळ मारून न्यायची. बरं नव्हतं हे कारण तिनं इतक्या वेळा दिलं होतं, की एका बाईंनी मिस्त्रींसाठी चांगल्या डॉक्टरचा पत्ता सुचवला होता.

असं सगळं चाललेलं असताना काका आले. छापखान्यात छपाईआधीचे कागद तपासून चुका काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता ते घरी असत. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि घरातला सोफा तर असा की बसलं की माणूस आत बुडायचा. काकांना एक उंच खुर्ची हवी होती, दोन्ही बाजूंनी भक्कम हात असलेली, म्हणजे त्यांवर जोर देऊन काकूंना स्वतःचं स्वतः उठता येईल. काकूंच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप त्यांनी दोऱ्यानं घेऊन आणलं होतं. दोऱ्याला गाठ मारली होती. त्यांनी विचारलं, या आठवड्यात होईल का? होयबानं दोरा हातात घेतला, काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खुर्चीच तर आहे काका. झालीच समजा."

त्यानं खुर्ची सुरू केली नाही असं नाही. पाय कापून ठेवले, बैठकीची फळी रंधली. तेवढ्यात एका घरचं लग्न ठरलं म्हणून कपाटाची घाई झाली, मग एका दुकानाचं दार अडकलं. काकांचा फोन आला तो बायकोनं घेतला. दुसरा आला, तोही तिनंच घेतला. तिसऱ्यांदा ती म्हणाली की खुर्ची घेऊन निघालेच आहेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, ती दवाखान्यातून घरी न जाता थेट दुकानात आली. ती दुकानात सहसा येत नसे. धाकटा उठून उभा राहिला. होयबा कुणाच्या तरी दाराला कडी बसवत होता. त्यानं मान वर करून विचारलं की काय झालं. तिनं सांगितलं, की आज दवाखान्यात एक म्हातारं जोडपं आलं होतं. बाईंचा हात मनगटात मोडलाय, प्लास्टर घातलंय. नवरा स्वयंपाकघरात असताना त्या सोफ्यावरून एकट्या उठायला गेल्या आणि तोल गेला. खुबा वाचला, नशीब. नाव विचारताना आवाज ओळखीचा वाटला म्हणून तिनं पत्ता पाहिला. ते खुर्चीवाले काका होते.

"त्यांनी मला ओळखलं नाही," ती म्हणाली. "मी समोर बसून त्यांना 'बसा काका' म्हणाले. आणि ते मला 'थँक यू पोरी' म्हणाले. खोटं तुमचं असतं, पण ते बोलते मी."

होयबाच्या हातातला स्क्रू खाली पडून भुशात गेला. तो शोधायला तो वाकला नाही.

बायको निघून गेल्यावर त्यानं ते दार बाजूला ठेवलं आणि खुर्चीचे पाय काढले. पहिल्याच सांध्यात पटाशी घसरली आणि लाकडाचा टवका उडाला. एरवी असं त्याच्या हातून कधी होत नसे. धाकटा जवळ आला. त्यानं भावाच्या हातातली पटाशी हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "दादा, पाय आणि पाठ तू कर. हात मी करतो."

थोरला नाही म्हणू शकला नाही. नाही म्हणायचं त्याला ठाऊकच कुठे होतं. दोघं शेजारी शेजारी उभे राहून काम करू लागले. बाहेरून कुणीतरी मिस्त्री म्हणून हाक मारली, तेव्हा धाकट्यानं दार लोटून घेतलं. मधेच थोरल्याची नजर भावाच्या हातांकडे गेली. धाकटा खुर्चीच्या हाताची पुढची कड गोल करत होता. त्यानं स्वतःची मूठ त्यावर आवळून पाहिली, पुन्हा थोडं घासलं, पुन्हा मूठ आवळली. म्हातारं माणूस जोर देईल तो तिथेच, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. थोरल्यानं कड टोकदारच ठेवली असती. हा हे कधी शिकला, असा प्रश्न त्याला पडला, आणि आपण बघितलंच नाही, हे उत्तरही लगेच मिळालं.

दिवस कलला तेव्हा खुर्ची उभी होती. पॉलिशचा वास अंगाला घेऊनच दोघं भाऊ ती उचलून काकांच्या घरी गेले. होयबानं वाटेत माफीची वाक्यं मनाशी जुळवली होती, पण दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. काकू पलंगावर बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. काकांनी खुर्ची निरखली, दोऱ्यानं उंची ताडून पाहिली आणि मान हलवली. मग काकूंना आधार देऊन तिच्यावर बसवलं. धड असलेला हात टेकून काकू एका दमात उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या.

"आता पुरे," काका म्हणाले. "शाळेतली कवायत नाही ही."

काकू हसल्या. होयबाला ते हसू सहन झालं नाही. तो म्हणाला की काका, माझ्यामुळे झालं हे. तुम्ही मला चार शब्द सुनावा.

काकांनी त्याला बसायला सांगितलं. ते रागावलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते. "मिस्त्री, आमच्या छापखान्यात चूक आधी सापडली तर समासात एक खूण करून भागायचं," ते म्हणाले. "छापून झाल्यावर सापडली तर सगळा कागद रद्दीत. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला असतात ना, की काका या आठवड्यात जमणार नाही, तर मला वाईट वाटलं असतं. पाच मिनिटं. मग मी दुसरा सुतार शोधला असता. तुम्ही 'हो' म्हणालात म्हणून मी घरी बसून राहिलो."

काका ओरडले असते, तर परतताना होयबाला हलकं वाटलं असतं. ते ओरडले नव्हते, म्हणून ते पाच मिनिटांचं वाईट वाटणं त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. लोकांची ती पाच मिनिटं वाचवायला आपण त्यांचे महिने खाल्ले, असं त्याच्या मनात आलं.

धाकटा जेवायला थोरल्याकडेच असायचा. त्या दिवशी जेवताना त्यानं मान खाली घालून सांगितलं की फर्निचरच्या एका कारखान्यात त्याला बोलावलंय आणि तो जायचं म्हणतोय. तिथे निदान केलेली वस्तू पुरी होऊन बाहेर जाताना दिसेल. वहिनीला हे आधीच ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. एरवी होयबा म्हणाला असता, जा, तुझ्यावाचून काय अडतंय. पण आज दुपारी त्या खुर्चीपाशी काय अडलं होतं आणि ते कुणी सोडवलं होतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"राहायचं तर काय पाहिजे तुला?" त्यानं विचारलं.

धाकट्यानं वहिनीकडे पाहिलं, मग भावाकडे. "काचपेपर नको," तो म्हणाला. "काम दे."

पुढचा रविवार होयबाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड रविवार होता. बायको शेजारी बसली आणि त्यानं स्वतः एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. खरं काय ते सांगायचं, एवढंच ठरलं होतं. तुमचं कपाट अर्धं झालंय, इतके दिवस लागतील, थांबवत नसेल तर दुसरीकडे करून घ्या, राग धरणार नाही. पहिल्या फोनला त्याला इतका घाम फुटला की बायकोनं पंखा मोठा केला. काहींनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. एक-दोघांनी काम काढून घेतलं. डॉक्टरचा पत्ता देणाऱ्या बाई म्हणाल्या की त्यांनी कपाट केव्हाच दुसरीकडून आणलंय, फोन नुसत्या सवयीनं करत होत्या, रोज नवीन कारण ऐकायला मजा यायची. पाळण्यातल्या बाळाच्या आईनं पाळणा आता खेळणी ठेवायला चालेल म्हणून सांगितलं. बहुतेक लोक मात्र म्हणाले की ठीक आहे. होयबाला या 'ठीक आहे'चं फार आश्चर्य वाटलं. आभाळ कोसळायचं ते कोसळलंच नव्हतं.

दुकानाची घडी बायकोनं बसवून दिली. दवाखान्यात ती रोज हेच करायची. कुणी कितीही कण्हलं तरी डॉक्टर एका वेळी एकच माणूस तपासतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी कापाकापी आणि सांधे, दुपारनंतर लोकांच्या घरी जाऊन बसवणं. हातातली वस्तू पुरी झाल्याशिवाय नवीन फळीला करवत लावायची नाही. तारीख कुणीही एकट्यानं द्यायची नाही, तिघांनी बोलून द्यायची. आणि काम थांबवण्याआधी दोघा भावांनी उद्या कोण काय करणार ते एकमेकांना सांगायचं, तोंडानं, समोरासमोर.

कागदावर हे सोपं होतं. पण सुंभ जळतो, पीळ जळत नाही. धाकट्याच्या हातात पहिलं संपूर्ण टेबल दिलं, तेव्हा होयबा दर थोड्या वेळानं उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहू लागला. धाकटा सांधा जोडायचा तो वेगळ्या पद्धतीनं, आधी खाच करायचा आणि मग तीत बसणारी लाकडाची जीभ कापायचा. थोरल्याचं उलट होतं. एका दुपारी धाकटा जेवायला गेला असताना होयबाला राहवलं नाही. त्यानं तो सांधा उकलला आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा केला. भाऊ परत आला, त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं, अंगावरचा भुसा झटकला आणि निघून गेला.

होयबा त्या टेबलापाशी बसून राहिला. त्यानं सांधा पुन्हा पाहिला. खरं सांगायचं तर भावानं केलेलाही तितकाच पक्का होता. फक्त तो त्याच्या हातचा नव्हता. आपण लोकांना 'हो' म्हणतो ते त्यांच्यासाठी नाही आणि भावाला 'असं नको' म्हणतो तेही टेबलासाठी नाही, हे त्याला तिथे बसल्या बसल्या उमगलं. सगळं आपल्याच हातून व्हावं, सगळ्यांनी आपल्यालाच चांगलं म्हणावं, एवढीच हाव होती. ही काही मोठी वाईट हाव नव्हती. पण तिनं एका म्हातारीचा हात मोडला होता आणि आता भाऊ तुटायची वेळ आली होती.

तो धाकट्याच्या खोलीवर गेला. दारातच उभा राहून म्हणाला, "सांधा तुझा चांगला होता. मी उगाच हात घातला." थोरल्यानं धाकट्याला असं काही सांगायची त्या घरात पद्धत नव्हती, त्यामुळे धाकटाच जास्त ओशाळला. त्यानं आत बोलावलं. चहा केला. चहा पिता पिता धाकट्यानं सांगितलं की त्याला भावाच्या पद्धतीचा सांधाही येतो, शिकला तोच आहे, पण आपली पद्धत पटकन होते. मग त्यानं ती टेबलावर बोटानं रेघा ओढून समजावली. होयबानं ऐकून घेतली. मधे दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहाचा घोट घेतला.

हळूहळू भिंतीपाशी पडलेल्या अर्धवट वस्तू हलल्या. भिंत दिसू लागली. तिला मागे ओल आली होती, हे इतक्या वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. काम कमी झालं नाही, धावपळ कमी झाली. एके दिवशी ऊन असतानाच होयबा घरी पोचला, तर बायकोनं घाबरून विचारलं की बरं वाटत नाही का. तो म्हणाला की काम संपलं. मग दोघं जिना उतरून उगाचच कोपऱ्यापर्यंत चालून आले. वाटेत तिला दोन ओळखीच्या बायका भेटल्या, आणि तिनं 'हे आमचे' म्हणून ओळख करून दिली, जणू तो परगावाहून आला होता.

मोह अधूनमधून व्हायचाच. एक पाहुणेघराचे मालक आले. खोल्यांची सगळी कपाटं करायची होती, तीही महिन्याअखेर. मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही, असं ते म्हणाले, आणि होयबाची जीभ 'हो'च्या 'ह'पर्यंत येऊन ठेपली. त्यानं वळून भावाकडे पाहिलं. धाकट्यानं नुसती करवत खाली ठेवली. "ह... हे महिन्याअखेर होणार नाही," होयबा म्हणाला. मालकांचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा होयबानं पाहिला, अगदी दाराबाहेर जाईपर्यंत पाहिला. मग मोजपट्टी उचलून कामाला लागला.

त्यानंतरच्या एका सकाळी धाकटा पहिल्यांदाच एकटा माप घ्यायला गेला. एका नव्या घरातली पुस्तकांची कपाटं होती. होयबा दुकानात काम करत होता, पण कान दाराकडे. भाऊ परतला, तेव्हा त्यानं मापं सांगितली, लाकूड कुठलं लागेल ते सांगितलं, आणि मग म्हणाला की त्यांना लगेच हवी होती, पण आपल्या हातातलं काम संपल्याशिवाय सुरू करणार नाही असं मी सांगून आलो. तारीख वहिनीशी बोलून कळवतो म्हणालो.

होयबाचा रंधा फळीवरच थांबला. "मग?" त्यानं विचारलं. "काय म्हणाले?"

"थांबू म्हणाले," धाकटा म्हणाला, आणि फळी उतरवायला भिंतीकडे वळला. फळी लांब होती. थोरल्यानं दुसरं टोक धरलं.